एक नंबर, दोन नावं

आम्ही वाटलेलं पत्रक आम्हालाच परत आलं, तेही लाल पेनाने तपासून.

पत्रक मी लिहिलेलं. वर ठळक अक्षरात ‘गोरगरिबांची कार्डं गोठवणाऱ्या अधिकाऱ्यांचा जाहीर निषेध’, खाली तीन मुद्दे (तिसरा, ‘गोठवलेलं कार्ड उघडायला जायचं कुठे?’), आणि शेवटी ‘आपले नम्र’ असतं तिथे ‘आपले संतप्त’. वागळे इस्टेटमधल्या त्या सरकारी ऑफिसच्या गेटवर आम्ही ते सकाळी वाटलं. दुपारी शिपाईमामा त्यातल्याच एका कागदाची घडी घेऊन खाली आले. म्हणाले, “बाईंनी दिलंय.” उघडून बघते तर ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेले. ‘निषेध’ पानभर पसरला होता. त्यातला पहिला ठेवून बाकीचे सगळे कापलेले आणि समासात शेरा, ‘एकदाच करावा, म्हणजे लागतो.’ तळाला लिहिलं होतं, ‘मुद्दा तिसरा बरोबर आहे. वर या. पंखा आहे.’

आमच्या संघटनेतला एक कार्यकर्ता म्हणाला, “जाऊ नको, हा ट्रॅप आहे.” मी गेले. ऱ्हस्व-दीर्घाचा राग आलेला.

ते ऑफिस काय करायचं हे आधी सांगते, कारण समोरच्या चहावाल्यालाही ते माहीत नव्हतं. तो त्याला ‘कम्प्युटर क्लास’ म्हणायचा. राज्यात खाती ढीगभर. प्रत्येक खात्याचा कम्प्युटर वेगळा, सॉफ्टवेअर वेगळं, माणसांची यादी वेगळी. रेशनच्या खात्याला माहीत असलेली बाई आरोग्य खात्याला ठाऊक नसते. महसूलवाले तर स्वतःच्या लिहिण्यापलीकडे कोणालाच ओळखत नाहीत. ह्या सगळ्यांनी एकमेकांशी बोलावं आणि माणसाला दर खिडकीवर ‘मी मीच आहे’ हे नव्याने सिद्ध करायला लागू नये, म्हणून राज्यभराच्या खात्यांचं नियोजन एका जागी करायचं. ती जागा म्हणजे हे ऑफिस. खाली खोक्यांचा कारखाना, जिन्यात खळीचा वास, आणि वर राज्याचं भवितव्य. बाई त्या ऑफिसच्या प्रमुख.

साठीला टेकलेल्या. साडीखाली धावायचे बूट. वर्तकनगरला राहायच्या आणि तिथून चालत ऑफिसला यायच्या. गाडी होती, ती ऑफिसातल्या पोरांना पिटाळायला वापरायच्या. टेबलावर स्टीलच्या डबीत भाजलेले शेंगदाणे. विचार करताना एकेक दाणा चोळून साल काढायच्या आणि दाणा समोरच्याला द्यायच्या. स्वतः खाताना मी त्यांना बघितलं नाही.

खात्यांना त्या खात्यांच्या नावाने बोलवायच्याच नाहीत. त्यांच्या लेखी सरकार म्हणजे एक मोठं सासर. वित्त खातं म्हणजे सासूबाई, किल्ल्या कमरेला. महसूल म्हणजे मामंजी, कारण दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘कोण तू?’ विचारायची सवय. आरोग्य थोरली जाऊ, रेशन धाकटी जाऊ. “एकत्र कुटुंब आहे, पण चूल प्रत्येकीची वेगळी,” असं म्हणायच्या. “आणि थोरल्या जावेकडचं मीठ संपलं तर ती धाकटीकडे मागणार नाही. निविदा काढेल.”

त्यांच्या खोलीत पाहुण्यांसाठी खुर्च्या नव्हत्या. एक शाळेचा बाक होता, दोघांचा, भंगारातून उचललेला. एखाद्या कामावरून दोन खात्यांचं वाजलं की दोघांच्या साहेबांना बोलवायच्या आणि त्या बाकावर शेजारी बसवायच्या. बाक अरुंद. कोपराला कोपर लागायचं. एकाने पेन टेकवलं की दुसऱ्याची फाईल सरकायची. “वर्गात शेजारी बसलेल्याशी किती दिवस अबोला धरता येतो?” बाई मला एकदा म्हणालेल्या. “डबा खायच्या सुट्टीपर्यंत. मग पोळीभाजी बघून बोलावंच लागतं.” आणि खरंच, राज्यातली काही भांडणं त्या बाकावर मिटली. मी स्वतः बघितलंय, आणि कुठल्या साहेबाचं कौतुक करायची मला सवय नाही.

पण बाईंचं खरं वेड व्याकरणाचं. ‘सिस्टिम’ हा शब्द वाक्याचा कर्ता झालेला त्यांना चालायचा नाही. ऑफिसातला एखादा इंजिनीअर म्हणायचा, “बाई, सर्व्हर पडलाय.” की त्या लगेच, “कोणी पाडला?”

“म्हणजे... अपडेट गेलं.”

“पायांनी गेलं?”

“नाही, वेंडरने टाकलं.”

“हां. आता वाक्य पुन्हा म्हण.”

आणि तो बिचारा पुन्हा म्हणायचा, “वेंडरने न विचारता अपडेट टाकलं आणि मी ते थांबवलं नाही, म्हणून सर्व्हर पडला.” बाई मान डोलवायच्या. त्याला दाणा मिळायचा. फायलींवरही तेच. ‘प्रकरण प्रलंबित ठेवण्यात आले आहे’ असं वाक्य आलं की समासात लाल अक्षरात दोनच शब्द: ‘कर्ता कोण?’ मंत्रालयातून आलेल्या कागदावरही त्यांनी हे लिहिलेलं आहे आणि कागद परत पाठवलेला आहे. वरिष्ठ वैतागायचे. एकाने सुनावलेलं म्हणे, “बाई, सरकारला कर्ता नसतो.” त्यावर बाई म्हणाल्या, “मग क्रियापदं तरी कशाला वापरता?”

तर त्या दिवशी मी जिना चढून वर गेले. पंखा खरंच होता. मी बाकावर न बसताच सुरू केलं.

“मॅडम, तुमच्या सिस्टिमने आमच्या मावशीचं कार्ड गोठवलंय.”

“मॅडम कॉन्व्हेंटात. इथे बाई. आणि सिस्टिमने नाही गोठवलं.”

“मग?”

“मी गोठवलं. नियम मी लिहिलाय. आता बोल.”

आंदोलनात असं होत नसतं. अधिकारी काय बोलणार हे आम्हाला पाठ असतं: ‘वरून आदेश आहेत’, ‘तांत्रिक अडचण आहे’, ‘बघतो’. प्रत्येकाला आमच्याकडे घोषणा तयार. ‘मी केलं’ ह्याला घोषणा नाही. मी बाकावर बसले.

मग मावशीचं सगळं सांगितलं. सुमनमावशी. नात्याने माझी कोणी नाही; शहाडला पुलाच्या खाली पालेभाजी घेऊन बसते आणि आख्ख्या वस्तीची मावशी लागते. मूळची माणदेशातली, लग्न होऊन इकडे आलेली, आता एकटी. तिच्या हृदयाची झडप बिघडलेली. भाजीची पाटी सोडा, नुसती पिशवी उचलली तरी धाप लागायची. सरकारी योजनेतून ऑपरेशन मंजूर झालं, ठाण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलने तारीख दिली. भरतीच्या दिवशी मी तिला घेऊन गेलेले. काउंटरवरच्या मुलाने कार्डाचा नंबर टाकला आणि स्क्रीनवर लाल पट्टी आली. ‘संशयित. गोठवले.’ मावशी मला विचारते, “काय लिवलंय गं?” काय सांगणार? तुझ्यावर संशय आहे, असं लिहिलंय? डॉक्टर बाजूला घेऊन म्हणाले, “ह्यांना फार दिवस थांबवू नका हां. रिस्क आहे.” आणि मावशी घरी परत.

झालं काय होतं, तर मावशीच्या भावाने गावाकडे वडिलांच्या जमिनीवर वारसांची नोंद केली. बहिणीचं नाव लिहिलं हौसा, कारण त्याला ती हौसाच. लग्नात सासरच्यांनी तिचं नाव बदलून सुमन केलं. आपल्याकडे ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव काढतात, तसं काढलं आणि त्या दिवसापासून ती सुमन. रेशनवर सुमन, मतदानाला सुमन, आरोग्याच्या कार्डावर सुमन. ओळखीचा नंबर एकच. जोवर खाती एकमेकांशी बोलत नव्हती तोवर काही बिघडलं नव्हतं. बाईंनी त्यांना बोलायला लावलं. पहिल्याच बोलण्यात महसूल म्हणालं हौसा, रेशन म्हणालं सुमन. आणि नियम होता: एक नंबर, एक नाव. दोन नावं आली तर थांबवा आणि तपासा.

“थांबवलं,” मी म्हटलं. “तपासायला कोण येणार होतं?”

बाईंच्या हातातला दाणा हातातच राहिला. म्हणाल्या, “वाक्य अर्धं लिहिलं मी. ‘थांबवा’ला कर्ता दिला. ‘तपासा’ला दिलाच नाही.”

“ते नंतर बघा. आधी मावशीचं कार्ड उघडा. एक फोन लावा.”

“लावणार नाही.”

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. “काय?”

“फोन करून उघडलेलं कार्ड फोन करून बंदही होतं. आणि तुझ्या मावशीला तू आहेस, वर येऊन माझ्याशी भांडायला. ज्यांना अशी पत्रक छापणारी भाची नाही त्यांनी कोणाला वर पाठवायचं? उघडतील तर सगळ्यांची उघडतील.”

“आणि तोवर मावशी मेली तर?”

“तर ते मी केलं असेल.” बाई माझ्याकडे सरळ बघत होत्या. “लिही तुझ्या पत्रकात. कर्त्यासकट लिही.”

त्यांनी शेंगदाण्याची डबी ओढली, पण झाकण काही निघेना. मी उठून चालायला लागले. जिन्यात मोठ्याने म्हटलं, “दगड आहे ही बाई!” शिपाईमामा म्हणाले, “हळू. दगडाला ऐकू येतं.”

ते मत मी अजून पूर्ण मागे घेतलेलं नाही. एक फोन लावला असता तर राज्य बुडलं नसतं. पण त्या दिवसानंतर बाईंनी काय केलं तेही सांगायला हवं, कारण मी समोर होते.

सगळ्या खात्यांची मिळून एक बैठक ठरलेली होती, पण ती पुढच्या तिमाहीत. बाईंनी ती पुढच्या आठवड्यात ओढली. फोनवर फोन. “थोरल्या जाऊबाईंना सांगा, घरात आजारी माणूस आहे.” वित्त खात्याच्या मोठ्या साहेबांना वेळ नव्हता, तर बाई मंत्रालयात जाऊन त्यांच्या केबिनच्या दारात बसल्या आणि शिपायाच्या हाती आत चिठ्ठी पाठवली, ‘सून उंबऱ्यात बसली आहे, लोक बघताहेत.’ साहेब हसत बाहेर आले आणि तारीख दिली. मला त्यांनी निरोप धाडला, ‘मावशींना घेऊन ये. रिक्षाने. जिन्यावर खुर्ची आणि उचलायला चार माणसं ठेवली आहेत.’

मीटिंग वागळेलाच झाली. खळीच्या वासात एवढे साहेब मी पहिल्यांदा बघितले. मावशीला बाईंनी आपल्या खोलीतून आणवलेल्या बाकावर बसवलं आणि शेजारी महसूलच्या साहेबांना. साहेब चांगले टापटीप गृहस्थ. मावशी त्यांना म्हणाली, “सरका वाईच, माज्या पिशवीत मेथी हाय, दबंल.” साहेब सरकले.

बाईंनी विषय मांडला. महसूलच्या साहेबांचं म्हणणं ठाम होतं. “दोन नावं म्हणजे बोगस, बाई. एका नावाने जमीन, दुसऱ्या नावाने रेशन. लोक असंच करतात. शिथिल केलं तर घुसतील.”

“मान्य,” बाई म्हणाल्या. “एक विचारू? तुमच्या मातोश्रींचं नाव काय?”

“कमल.”

“लग्नाआधीचं?”

“म्हणजे... कमलच असेल.”

“असेल?”

बाईंनी मग टेबलाभोवती सगळ्यांनाच विचारलं. राज्याच्या माहितीचे मालक सगळे. कोणाकडे किती जमीन, कोणाला किती साखर, सगळं एका बटणावर. आईचं माहेरचं नाव सांगा म्हटल्यावर निम्मे पंख्याकडे बघायला लागले. एक जण म्हणाला, “मामा काहीतरी हाक मारायचा तिला, आठवत नाही.” मला इतका संताप आलेला की मी टेबलावर हात आपटणार होते, तेवढ्यात महसूलच्या साहेबांनी खिशातून मोबाईल काढला. मावशी शेजारून म्हणाली, “लावा की. हाय का म्हातारी? मग लावा.”

त्यांनी गावी फोन लावला. त्यांना स्वतःला ऐकू कमी येतं म्हणून असेल, स्पीकरवर.

“आई, मी बोलतोय.”

“जेवलास का?”

“जेवेन. आई, तुझं लग्नाआधी नाव काय होतं?”

“कुठंयस तू? बरा आहेस ना?”

“मीटिंगमध्ये आहे. सांग ना.”

“मीटिंगमध्ये माझं नाव कशाला निघालं?” म्हातारी म्हणाली, “यमुना.”

“मग कमल कसं?”

“तुझ्या आत्याचं नाव यमुना. ती तेव्हा माहेरीच होती. एका घरात दोन यमुना झाल्या तर हाक कुणाला मारली ते कळायचं कसं? म्हणून तुझ्या आजीनं माझं बदललं.” आणि मग हसल्यासारखा आवाज आला. “किती वर्षांनी विचारलंस रे. तुझ्या बापानंसुद्धा कधी विचारलं नाही.”

साहेबांनी फोन ठेवला आणि चष्मा पुसायला घेतला. बाई म्हणाल्या, अगदी हळू, “डुप्लिकेट काढायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, साहेब. फक्त दर वेळी घरात नवीन आलेलीलाच काढतात.”

त्यानंतर गाडी सुटली. ठरलं ते असं: प्रत्येक खात्याच्या नोंदीत ‘पूर्वीचे नाव’ अशी जागा करायची, दोन्ही नावांची माणसं एकच आहेत का, हे स्थानिक अधिकाऱ्याने ठरलेल्या मुदतीत तपासायचं, नियमात त्याचं पदनाम लिहून, आणि तोवर गोठवलेली सगळी कार्डं, एकजात सगळी, आधी उघडायची. “आधी उघडा, मग शोधा,” बाई म्हणाल्या. वित्तचे साहेब शेवटचा प्रयत्न म्हणून बोलले, “त्या काळात बोगस लोक फायदा घेतील त्याचं काय?” बाईंनी मावशीकडे बोट केलं. “झडप बदलायचं ऑपरेशन आहे साहेब. छाती उघडून घ्यायला बोगस माणूस येत नाही.”

सगळ्या मागण्या मान्य झालेल्या. मी तिथेच जिंदाबाद केलं असतं. पण बाईंनी शेवटी एक कलम घुसवलं आणि माझं डोकं पुन्हा फिरलं. पूर्वीचं नाव ठेवायचं, पण दाखवायचं नाही. कार्डावर छापायचं नाही, काउंटरवरच्या माणसाच्या स्क्रीनवर दिसू द्यायचं नाही. मशीनने आतल्या आत ताडून बघायचं आणि गप्प बसायचं. जिला हवं असेल तिनेच मागून छापून घ्यावं.

बाहेर आल्यावर मी त्यांना रस्त्यातच धरलं. “हे काय आहे? बायकांचं मूळ नाव सासरने खाल्लं, आता तुम्ही पण लपवणार? आम्हाला ते कार्डावर पाहिजे. मोठ्या अक्षरात. मावशीला विचारा!”

मावशी रिक्षात बसता बसता म्हणाली, “मला तर पायजे बाई. माज्या बापानं लई हौसंनं ठेवलंय. हौसा!”

“तुम्हाला मिळेल,” बाई तिला म्हणाल्या.

“मग सगळ्यांना का नाही?” मी म्हटलं. “हा सन्मानाचा प्रश्न आहे, बाई. माहेरचं नाव हे—”

“माहेर सगळ्यांना गोड नसतं, पत्रक.”

मला त्या तेव्हापासून पत्रकच म्हणायच्या. एवढं बोलून त्या वर्तकनगरच्या दिशेने चालायला लागल्या, बुटांचा फट् फट् आवाज करत. मी घरी येऊन नवीन पत्रक लिहायला घेतलं. मथळा, ‘नावं लपवणारी बाई’. ‘निषेध’ एकदाच टाकला.

मावशीचं कार्ड उघडलं. एकटीचं नाही, आमच्या वस्तीतली, वर्तकनगरच्या मागच्या चाळींमधली, नाशिककडची, कुठकुठची, ज्यांची नावं आम्हाला कधी कळणार नाहीत अशा बायकांची कार्डं एकाच सकाळी उघडली. ऑपरेशन झालं. पहिले दिवस काचेपलीकडून बघायला लागलं, मग वॉर्डात आणलं. मावशी बारीक झालेली, पण आवाज परत आलेला. नर्सशी पहिलं भांडण हॉस्पिटलच्या मेथीवरून केलं. “ही मेथी न्हाई, गवात हाय.”

आता पुढचं. हे मी बाईंना विचारून लिहितेय. त्या आता निवृत्त आहेत. परवा वर्तकनगरला त्यांच्या घरी गेले, आणि म्हटलं, मला तुमच्यावर लिहायचंय, पण हॉस्पिटलातलं लिहू का? त्यांनी दाण्याचं साल काढलं, दाणा मला दिला. म्हणाल्या, “जे नाव सांगितलं ते लिही. मी कोण ते लिहू नको. तेवढं केलंस की झालं.”

बाई हॉस्पिटलात येतील असं मला वाटलंच नव्हतं. ‘मी केस बघत नाही, नियम बघते,’ हे त्यांचं नेहमीचं. पण संध्याकाळी भेटायच्या वेळेला वॉर्डाच्या दारात धावायचे बूट दिसले. हातात डाळिंबांची पिशवी. खाटेपाशी येऊन नुसत्या उभ्या राहिल्या, पाहुण्यांच्या घरी पहिल्यांदा आलेल्या पोरीसारख्या.

मावशी म्हणाली, “या. तुमीच का माजं कार्ड बंद केलं व्हतं?”

“हो. मीच.”

“आनि उघडलं कुनी?”

“बऱ्याच जणांनी मिळून.”

मावशी हसली. माझ्या हातातलं तिचं नवं कार्ड घेऊन बाईंना दाखवलं. तिने मागून छापून घेतलेलं: सुमन, आणि खाली हौसा. “सिस्टर आता हौसाबाई म्हनून हाका मारत्यात मला. ऐकाया बरं वाटतं.” मग तिने सहज, भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं, “तुमचं म्हायारचं नाव काय ओ?”

बाई खिडकीकडे बघायला लागल्या. मला वाटलं, विषय बदलतील. त्या म्हणाल्या, “नकुसा.”

मला एकदम कळलंच नाही. मग कळलं. मुलगा हवा असताना मुलगीच झाली, आता पुरे, ही नको होती, म्हणून ठेवतात ते नाव. मी पुस्तकात वाचलेलं, पत्रकात वापरलेलंसुद्धा. समोर उभं असलेलं कधी बघितलं नव्हतं.

“शाळेत हजेरीला रोज ओरडून घ्यायचे,” बाई म्हणाल्या. मावशीशी बोलत होत्या, माझ्याशी नाही. “दाखल्यावर तेच. स्कॉलरशिप मिळाली तेव्हा स्टेजवरून तेच पुकारलं, आणि लोक हसले. लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव काढत होते तेव्हा माझ्या आजूबाजूच्या बायका डोळे पुसत होत्या. मी वाकून वाकून बघत होते, शेवटचं अक्षर कधी पुरं होतंय. पुढे नोकरीत एकेक ऑफिस फिरून मी ते जुनं नाव कागदांवरून काढून टाकलं. एक माणूस, एक नाव. नियम लिहिताना मला वाटलं, सगळ्यांना असंच हवं असणार.” मग म्हणाल्या, “तुम्ही हौसा असाल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.”

मी पिशवीत हात घातला. नव्या पत्रकाचा गठ्ठा त्यात होता. तो तळाशी दाबला आणि वर मावशीचा टॉवेल ठेवला.

मावशी बाईंकडे बघत होती. डोळे पुसणं वगैरे काही नाही. तिने विचारलं, “कितवी तू?”

आत्तापर्यंत ‘तुमी’ होतं. ते गेलं.

“पाचवी.”

“माजी धाकटी बी पाचवीच. आनि नकुसाच.” मावशी उशीवर डोकं टेकून म्हणाली. “मी पयली, म्हनून हौसा. पाचवीपत्तुर आमच्या बापाची हौस फिटली. एकाच मानसानं ठेवली बग दोनी नावं.”

“कुठे असते ती?”

“गावाकडं. पोरं-नातवंडं हायत, मजेत हाय. आमी तिला नकू म्हनायचो. मीच कडेवर घेऊन हिंडवली तिला, ती कधी उतरायचीच न्हाई.”

नर्सने हलायचं नाही म्हणून बजावलेलं असताना मावशीने पाय आखडून घेतले आणि खाटेवर जागा केली.

“उबी का? बस हितं, नकू. आनि ती डाळिंबं आनलीस ती तशीच धरून काय बसतीस? सोल की.”

बाईंनी पर्स खाली ठेवली. खाटेच्या कडेला बसल्या आणि डाळिंब सोलायला लागल्या.